अंधार : द्रव्य की अभाव? गॉर्डन विलिस यांचे छायालेखन आणि दुरिताचा प्रश्न

अंधार ही स्वतंत्र अस्तित्व असलेली वस्तू आहे, की प्रकाश नसण्याला दिलेले ते केवळ एक नाव आहे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतके गांभीर्याने चर्चिला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांचे म्हणणे असे, की अंधार काळा दिसतो आणि तो सरकतानाही दिसतो, म्हणजे त्याला रूप आहे आणि क्रियाही आहे. आणि ज्याच्या ठायी गुण व क्रिया आढळतात ते द्रव्य, अर्थात गुणांना आश्रय देणारी स्वतंत्र वस्तू, मानलेच पाहिजे. न्याय-वैशेषिकांनी हे नाकारले. रंग असलेली कोणतीही वस्तू डोळ्यांना दिसण्यासाठी उजेड लागतो, अंधार मात्र उजेड नसतानाच प्रतीत होतो. त्याचे सरकणे हे वस्तुतः दिव्याचे किंवा दिव्याआड येणाऱ्या वस्तूचे सरकणे असते. म्हणून अंधार हे दहावे द्रव्य नसून तेजाचा अभाव आहे, असा त्यांचा निर्णय होता. अद्वैत वेदान्तातील विवरण परंपरा या वादात मीमांसकांच्या बाजूला झुकली, कारण अज्ञान म्हणजे नुसते ज्ञान नसणे नव्हे, ते सत्यावर पडलेले भावरूप आवरण आहे, हे सांगण्यासाठी तिला अंधाराचाच दृष्टान्त हवा होता. तर ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त अज्ञानाला असे कोणतेही स्वतंत्र अस्तित्व देण्यास नकार देऊन त्याचे सविस्तर खंडन केले.

पाश्चात्त्य धर्मचिंतनात हाच प्रश्न नीतीच्या अंगाने उभा राहिला. माणसाच्या हातून घडणारे वाईट, ज्याला येथे दुरित म्हटले आहे, ते कोठून येते, असा तो प्रश्न आहे. मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या अनुयायांनी त्याचे उत्तर सरळ द्वैतात शोधले होते : प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे असून जग ही त्यांची रणभूमी आहे. संत ऑगस्टीन (३५४–४३०) तारुण्यात सुमारे नऊ वर्षे या पंथाचे श्रोते, म्हणजे दीक्षा न घेतलेले अनुयायी, होते; पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी हे द्वैत मुळातूनच नाकारले. ईश्वराने निर्माण केलेली प्रत्येक वस्तू, ती आहे म्हणूनच, चांगली आहे; दुरित ही वस्तू नाही, जे चांगले असायला हवे होते त्याची ती उणीव आहे, असा त्यांचा सिद्धान्त आहे. वाईट इच्छेचे कारण शोधू पाहणे म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहू इच्छिणे किंवा शांतता कानांनी ऐकू इच्छिणे होय, असेही त्यांनी ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात म्हटले आहे, कारण अंधार डोळ्यांनाच कळतो हे खरे, पण तो न दिसण्यातूनच कळतो.

ज्या कलेत अंधार ‘दाखवावा’ लागतो, त्या कलेतील एका श्रेष्ठ कारागिराचे काम या वादावर वेगळाच प्रकाश टाकते. चित्रपटातील दृश्यांचा उजेड, भिंग, चौकट आणि छटा यांची जबाबदारी ज्याच्याकडे असते, तो छायालेखक. आणि अमेरिकन छायालेखकांमध्ये अंधाराचा सर्वांत विचारपूर्वक वापर करणारे म्हणून गॉर्डन विलिस (१९३१–२०१४) यांचे नाव घेतले जाते. कॉनराड हॉल या दुसऱ्या थोर छायालेखकाने त्यांना ‘अंधाराचा राजपुत्र’ असे संबोधले आणि ते बिरुद त्यांना कायमचे चिकटले. इंग्रजीत ते सैतानाचेही परंपरागत बिरुद असले, तरी विलिस यांच्या कामात धर्माचा प्रश्न शोधण्याचे कारण ते नव्हे. त्यांनी अंधार ज्या रीतीने निर्माण केला, ती रीतच अभावाच्या सिद्धान्ताची परीक्षा पाहणारी आहे, हे खरे कारण आहे.

विलिस यांचा जन्म २८ मे १९३१ रोजी न्यूयॉर्कमधील क्वीन्स येथे झाला. त्यांचे वडील वॉर्नर ब्रदर्सच्या ब्रुकलिनमधील स्टुडिओत रंगभूषाकार होते, त्यामुळे चेहरा आणि त्यावर पडणारा उजेड यांचे नाते त्यांच्या घरातच होते. कोरियन युद्धाच्या काळात ते अमेरिकी हवाई दलात होते व तेथे त्यांनी चित्रीकरणाच्या विभागात काम केले; परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये साहाय्यक म्हणून, नंतर जाहिराती आणि माहितीपटांचे छायालेखक म्हणून त्यांनी बरीच वर्षे घालवली. कथापटांकडे ते चाळिशीच्या उंबरठ्यावर वळले, आणि त्यानंतरच्या एका दशकात ‘क्लूट’ (१९७१), ‘द गॉडफादर’ (१९७२), ‘द पॅरलॅक्स व्ह्यू’ व ‘द गॉडफादर : भाग दोन’ (दोन्ही १९७४), ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ (१९७६), ‘ॲनी हॉल’ (१९७७) आणि ‘मॅनहॅटन’ (१९७९) अशा चित्रपटांनी त्यांनी अमेरिकन पडद्याचे रूप बदलून टाकले. यांपैकी एकाही चित्रपटासाठी त्यांना ऑस्करचे साधे नामांकनही मिळाले नाही. पुढे ‘झेलिग’ (१९८३) आणि ‘द गॉडफादर : भाग तीन’ (१९९०) यांसाठी नामांकने मिळाली आणि २००९ मध्ये सन्माननीय ऑस्कर देण्यात आला.

त्यांच्या पद्धतीचा गाभा वजाबाकीचा होता. हॉलिवूडच्या प्रचलित रीतीत नटाच्या चेहऱ्यावर मुख्य दिवा, सावल्या मऊ करणारा पूरक दिवा आणि आकृती पार्श्वभूमीपासून सुटी करणारा मागचा दिवा, अशी रचना ठरलेली असे, आणि नटाचे डोळे दिसलेच पाहिजेत हा जवळजवळ धर्मनियम होता. विलिस यांनी यातला प्रत्येक दिवा ‘हा कशासाठी?’ असे विचारून तपासला आणि ज्याचे उत्तर मिळाले नाही तो काढून टाकला. शिवाय फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा, म्हणजे ज्याला एक्स्पोजर म्हणतात ते, त्यांनी इतके मोजून कमी ठेवले, की नंतर प्रयोगशाळेत कोणालाही आपल्या मर्जीने ते दृश्य उजळ करता येऊ नये. फिल्मच्या ज्या भागावर प्रकाश पडलेलाच नाही, तेथे नंतर उजळवून काढण्यासारखे काही नसते. तसा हट्ट केलाच तर तपशील उमटत नाहीत, फक्त करडा, दाणेदार धुरकटपणा वर येतो. त्यामुळे विलिस यांचा अंधार हा सेटवर, त्या क्षणी, पूर्ण जाणिवेने घेतलेला आणि मागे न घेता येणारा निर्णय असे.

येथे फिल्मच्या रसायनाकडे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कॅमेऱ्यातील निगेटिव्हवर, म्हणजे उजेड-अंधाराची उलटी नोंद घेणाऱ्या मूळ फिल्मवर, अंधाराच्या जागी काहीही उमटलेले नसते. तो भाग रिकामा, पारदर्शक राहतो. न्याय-वैशेषिकांचे म्हणणे येथे अक्षरशः खरे ठरते, कारण येथे अंधार म्हणजे प्रकाशाचा न झालेला स्पर्श आहे. परंतु त्याच निगेटिव्हवरून चित्रपटगृहासाठी जी प्रत छापली जाते, तिच्यावर हाच रिकामा भाग सर्वांत दाट रंगद्रव्याचा थर होऊन उतरतो, आणि प्रक्षेपकाचा प्रकाश अडवण्याचे काम प्रत्यक्षात तो थर करतो. मीमांसक ज्याला द्रव्य म्हणत होते, ते येथे शब्दशः द्रव्य आहे : त्याला घनता आहे, जाडी आहे आणि प्रकाश रोखण्याचे सामर्थ्य आहे. उगमाशी जो निव्वळ अभाव होता, तो परिणामात वस्तू झाला. दुरिताविषयीच्या जुन्या वादात दोन्ही पक्ष ज्या जागी एकमेकांना भेटू शकत नव्हते, ती जागा कदाचित हीच असावी. वाईट उणिवेतून जन्मते हे ऑगस्टीन यांचे म्हणणे उगमापुरते खरे आहे. पण त्या उणिवेचे फळ ज्याला भोगावे लागते, त्याच्यासाठी ती उणीव भिंतीइतकीच घट्ट असते. बळी गेलेल्या माणसाला, तुझे दुःख हा केवळ चांगुलपणाचा अभाव आहे, असे सांगून भागत नाही, आणि अपराध्यालाही, तुझ्यात शिरलेले काळे तत्त्व तुझ्याहून वेगळे आहे, असे सांगून मोकळे करता येत नाही.

‘द गॉडफादर’ या फ्रान्सिस फोर्ड कोपोला दिग्दर्शित चित्रपटात हा विचार कथेच्या पहिल्याच दृश्यापासून उजेडाच्या मांडणीत दिसतो. बोनासेरा हा अंत्यसंस्कारांचा व्यावसायिक अमेरिकेवरील आपली श्रद्धा बोलून दाखवतो, आणि न्यायालयाने न्याय दिला नाही म्हणून मुलीवरील अत्याचाराचा सूड मागायला व्हिटो कॉर्लिओने या माफियाप्रमुखाकडे आलेला असतो. खिडक्यांचे पडदे ओढलेली ती खोली गडद आहे, आणि तिच्याबाहेर बागेत व्हिटोच्या मुलीच्या लग्नाचा सोहळा भगभगीत उन्हात चालला आहे. एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना डोळे दिपतात, इतका हा फरक विलिस यांनी हेतुपुरस्सर वाढवला. मानीच्या अनुयायाला यात प्रकाश व अंधार यांची दोन वेगळी राज्ये दिसली असती. पण चित्रपट तसे म्हणत नाही, कारण बागेतला उजेड आणि खोलीतला अंधार एकाच घराचे आहेत, आणि बागेतील गाणी, मेजवानी व आशीर्वाद यांची किंमत आतल्या खोलीत चुकवली जात आहे. दुरित येथे चांगल्याच्या समोर शत्रू म्हणून उभे राहत नाही. ते चांगल्याच्या आधारावर, त्याचेच अन्न खाऊन जगते. कुटुंबाचे प्रेम, दिलेल्या शब्दाची चाड, दुर्बळाचे रक्षण ही सारी खरी मूल्ये आहेत, आणि त्यांच्यातून एकच गोष्ट, परक्या माणसाच्या जिवाची किंमत, वजा झाली आहे.

याच खोलीत मार्लन ब्रँडो यांच्या चेहऱ्यावर विलिस यांनी उजेड वरून सोडला. ब्रँडोंना वृद्ध दाखवणारी रंगभूषा समोरच्या उजेडात सांभाळणे कठीण होते, हे त्याचे व्यावहारिक कारण. परंतु त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी सावलीत गेल्या आणि अनेकदा डोळे दिसेनासे झाले, तेव्हा विलिस यांनी ते तसेच ठेवले, कारण या माणसाच्या मनात काय चालले आहे हे प्रेक्षकाला कळू नये, अशी त्यांची धारणा होती. डोळे आत्म्याचे दार मानण्याची समजूत अनेक संस्कृतींत आढळते, आणि माणसाविषयीचा नैतिक निर्णय आपण बहुधा नजरेला नजर देऊनच घेतो. ज्याचे डोळे दिसत नाहीत, पण जो आपल्याला पाहत आहे, त्याच्यापुढे बसलेला माणूस पारखला जातो. त्याला स्वतःला पारखता येत नाही. ईश्वराच्या सर्वसाक्षित्वाची ही विकृत नक्कल आहे. धर्मपरंपरांनी ईश्वराला अदृश्य द्रष्टा म्हटले, कारण त्याचे पाहणे हे सांभाळणे आहे. व्हिटोचे पाहणे मात्र हिशेब ठेवणारे आहे, आणि बोनासेराला त्या दिवशी मिळालेली कृपा हे पुढे कधीतरी फेडावे लागणारे कर्ज आहे.

मायकेल या धाकट्या मुलाचा प्रवास अभावाच्या सिद्धान्ताचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. लग्नाच्या दिवशी तो लष्करी गणवेशात, उन्हात, आपली मैत्रीण के हिच्याजवळ बसलेला दिसतो आणि हे सारे आपल्या कुटुंबाचे आहे, आपले नाही, असे तिला सांगतो. तो खोटे बोलत नसतो. त्याच्यात कोणतेही सैतानी तत्त्व बाहेरून शिरत नाही. वडिलांचा जीव वाचवण्याच्या रास्त इच्छेपासून तो निघतो आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी वजा करत जातो, आधी कायद्याचा धाक, मग दया, मग सत्य. चित्रपटाच्या अखेरीस तो आपल्या बहिणीच्या मुलाचा धर्मपिता म्हणून बाप्तिस्म्याला उभा राहतो. कॅथलिक विधीत धर्मपिता अर्भकाच्या वतीने सैतानाचा आणि त्याच्या कृत्यांचा त्याग करतो आणि ख्रिस्ताच्या प्रकाशाचे चिन्ह म्हणून पेटलेली मेणबत्ती देण्याचीही त्या विधीत प्रथा आहे. मायकेल पुरोहिताच्या प्रश्नांना शांतपणे उत्तरे देत असतानाच त्याच्या आज्ञेने प्रतिस्पर्ध्यांच्या हत्या होत असतात, आणि ही दृश्ये एकमेकांत गुंफलेली आहेत. विधीचा प्रत्येक शब्द उच्चारला जातो, प्रत्येक कृती नियमाप्रमाणे होते; त्यात फक्त ते शब्द उच्चारणारी इच्छा गैरहजर असते. पवित्र विधीतून श्रद्धा वजा केली की जे उरते, ते निष्फळ म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. ते आडोसा म्हणून वापरता येते, आणि म्हणून उघड नास्तिक्याहून ते अधिक भयावह असते.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. विलिस यांचा अंधार नुसता काळा नाही; त्यात पिवळसर-तांबूस ऊब आहे, जुन्या छायाचित्रांची आठवण करून देणारी माया आहे, आणि लाकूड, कातडे, मद्य यांच्या छटांनी तो देखणा झाला आहे. गुन्हेगारीला एवढे सौंदर्य देणे म्हणजे तिला मान्यता देणे नव्हे काय? हा आक्षेप सहज उडवून लावण्याजोगा नाही, कारण या चित्रपटांतील पात्रांचा दिमाख अनेकांना अनुकरणीय वाटला, हे नाकारता येत नाही. तरीही दुरित कुरूप दाखवले म्हणजे ते खरे दाखवले, असे मानणे अधिक धोक्याचे आहे. कुरूप दुरितापासून माणूस आपोआप दूर राहिला असता आणि मग नीतीची गरजच उरली नसती. माणूस वाईटाकडे जातो तो ते वाईट वाटते म्हणून जात नाही. त्यात आश्रय, मान, आपलेपणा असे काही चांगले त्याला दिसते, म्हणून जातो, आणि ऑगस्टीन यांनी स्वतःच्या तारुण्यातील पापांची चिकित्सा करताना हेच दाखवले आहे. विलिस यांची ऊब या अर्थाने सत्याशी प्रामाणिक आहे : मायकेल ज्या अंधारात शिरला तो त्याला घरासारखा वाटला नसता, तर तो त्यात शिरलाच नसता. दुसऱ्या भागाच्या अखेरीस, सख्ख्या भावाची हत्या घडवून आणल्यावर, तो एकटाच बसलेला दिसतो, आणि जे घर वाचवण्यासाठी हे सारे केले ते घर आता उरलेले नाही, हे प्रेक्षकाला कळते. उणीव वाढत वाढत शेवटी ज्या आधारावर ती जगत होती तोच आधार तिने संपवला.

परंतु अंधार म्हणजे दुरित हे समीकरण विलिस यांच्याच दुसऱ्या एका चित्रपटात मोडते. ॲलन पाकुला दिग्दर्शित ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ हा वॉटरगेट प्रकरण उघडकीस आणणाऱ्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन या दोन वार्ताहरांची कथा सांगतो. वृत्तपत्राच्या कचेरीची प्रतिकृती कॅलिफोर्नियात बर्बँक येथील स्टुडिओत उभारली होती, आणि विलिस यांनी ती छतावरील फ्लुरोसंट नळ्यांच्या सपाट, सावलीहीन उजेडात न्हाऊ घातली. तेथे लपायला एकही कोपरा नाही. याच्या उलट, ‘डीप थ्रोट’ या टोपणनावाचा सरकारी खबऱ्या वुडवर्डला रात्री गाड्यांच्या तळघरात भेटतो, जेथे त्याचा चेहरा क्वचितच आणि अर्धाच दिसतो. हा खबऱ्या म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेतील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी मार्क फेल्ट होते, हे २००५ मध्ये जाहीर झाले. तो बोलला नसता, तर ज्या शोधाचा शेवट ९ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या राजीनाम्यात झाला, तो शोध कदाचित वाटेतच अडखळला असता. येथे सत्य अंधारातून येते, आणि राष्ट्राध्यक्षांचे असत्य मात्र दूरचित्रवाणीच्या झगझगीत पडद्यावरून बोलत असते.

मग व्हिटोच्या खोलीतील अंधार आणि तळघरातील अंधार यांत फरक काय? दोन्ही ठिकाणी माणूस लपलेला आहे, दोन्ही ठिकाणी डोळे झाकोळलेले आहेत, आणि उजेडाचे प्रमाण मोजून या दोहोंत भेद करता येणार नाही. भेद दिशेत आहे. तळघरातला माणूस स्वतः अंधारात राहून काहीतरी उजेडाकडे धाडतो. त्याचे लपणे तात्पुरते आहे आणि प्रकट होणाऱ्या सत्याच्या सेवेत आहे. कॉर्लिओनेच्या खोलीत उलटे घडते : बागेतला उजेड, तेथली नाती आणि आशीर्वाद आत ओढले जातात आणि तेथेच राहतात; पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस केच्या तोंडावर बंद होणारे दार या ओढीची पूर्तता आहे. अंधार स्वतः पापी नाही. ध्यानाला, शोकाला, प्रेमाला आणि भयभीत सत्यवक्त्याला त्याची गरज असते. पापी असतो तो आपण कधीच कोणाला दिसू नये हा हट्ट. न दिसण्याचे रूपांतर जेव्हा कोणालाही उत्तर न देण्यात होते, तेव्हा अभाव घट्ट होऊ लागतो आणि त्याचे द्रव्य बनते.

हा भेद लक्षात घेतला म्हणजे ‘द गॉडफादर : भाग तीन’मधील एका प्रसंगाचे महत्त्व कळते. वृद्ध मायकेल कार्डिनल लॅम्बर्तो यांच्यापुढे पापांची कबुली देतो, आणि ती कबुलीघराच्या बंद, काळोख्या कोनाड्यात न होता उघड्या प्रांगणात, दिवसाच्या उजेडात होते. कॅथलिक विचारात कबुलीचे सार असे, की पापी माणूस आपले पाप लपवणे थांबवतो. क्षमा ही त्यानंतरची पायरी आहे. मायकेल भावाच्या हत्येची कबुली देतो आणि रडतो, परंतु आपल्यात खरोखर बदल होऊ शकेल यावर त्याचा विश्वास नाही, हे कार्डिनलना दिसते. उजेडात येण्यासाठी उशीर झालेला नव्हता. उजेडात राहण्याची इच्छा पुरेशी नव्हती. नुसता प्रकाश कोणाला तारत नाही, हे येथे विलिस यांच्याच हाताने सांगितले गेले.

विलिस यांच्या कामातून हाती येणारे नैतिक ज्ञान म्हणूनच प्रकाश आणि अंधार यांच्या सोप्या प्रतीकवादापलीकडचे आहे. त्यांनी कोणताही धर्मसिद्धान्त मांडला नाही, आणि साधेपणा हेच आपल्या कलेचे तत्त्व असल्याचे ते सांगत. परंतु काय दिसू द्यायचे व काय नाही याचा निर्णय प्रकाश पडण्याच्या क्षणीच घ्यावा लागतो, नंतर प्रयोगशाळेत तो घेता येत नाही, या त्यांच्या शिस्तीत नीतीचाही एक कठोर नियम सामावलेला आहे. माणसाच्या आयुष्यातही जी दया योग्य क्षणी दाखवली नाही, जे सत्य योग्य क्षणी बोलले गेले नाही, ते पुढे पश्चात्तापाच्या प्रखर उजेडात कितीही उजळवू पाहिले तरी परत उमटत नाही. पश्चात्ताप पुढचे आयुष्य बदलू शकतो. गेलेल्या क्षणातील रिकामी जागा भरणे त्याच्या अधिकारात नसते. दुरित अभावातून जन्मते हा सिद्धान्त त्यामुळे दिलासा देणारा ठरत नाही. उलट माणसाची जबाबदारी तो कितीतरी वाढवतो, कारण वाईट घडण्यासाठी कोणाला काळ्या शक्तीची उपासना करावी लागत नाही. जेथे आपला थोडासा उजेड पोचायला हवा होता तेथे तो पोचू न देणे एवढेच पुरते.